विश्लेषण : आइस हॉकीचा पहिला कॉलेज संघ कसा घडला? राजगुरुनगरात असा संघ उभा राहू शकेल का?

भारतीय महिला आइस हॉकी संघाने जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. संघातील मुली प्रामुख्याने लडाख आणि हिमाचल प्रदेशातील. पुणे-नाशिक महामार्गावरील, भीमेकाठच्या राजगुरुनगरातील एखाद्या कॉलेजने असा संघ काढायचे ठरवले, तर काय लागेल? त्याचे उत्तर या खेळाच्या इतिहासात सापडते.

खेळाला आजचे रूप कुठे मिळाले?

कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात. ३ मार्च १८७५ रोजी तेथील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये प्रत्येकी नऊ खेळाडूंचे दोन संघ भिडले. गोठलेल्या तळ्यांवर काठी-चेंडूचे खेळ आधीपासून होतेच. पण छताखाली, ठरलेल्या संख्येने आणि नियमांनी झालेला हा पहिला सामना मानला जातो. तो जुळवून आणला जेम्स क्रेटन या अभियंत्याने. चेंडू उसळून प्रेक्षकांना लागू नये म्हणून लाकडाची चपटी चकती वापरली गेली. आजच्या रबरी ‘पक’ची ती पूर्वज.

कॉलेजचा पहिला संघ कोणता?

मॅकगिल विद्यापीठाचा. जानेवारी १८७७ मध्ये स्थापन झालेला हा क्लब संघटित आइस हॉकीतील सर्वात जुन्या क्लबांपैकी एक आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत मॉन्ट्रियलच्या ‘गॅझेट’ या दैनिकात खेळाचे सात नियम छापून आले. त्यातील बरेचसे इंग्लंडमधील मैदानी हॉकीतून जवळपास जसेच्या तसे उचललेले होते. म्हणजे नवा खेळ उभा करताना विद्यार्थ्यांनी जुन्याच खेळाची शिस्त बर्फावर आणली. १८८३ च्या मॉन्ट्रियल हिवाळी महोत्सवात पहिली मोठी आइस हॉकी स्पर्धा झाली आणि ती मॅकगिलने जिंकली. प्रतिष्ठेचा स्टॅन्ले चषक त्यानंतर दहा वर्षांनी, १८९३ मध्ये, प्रथम दिला गेला.

मॅकगिललाच हे का जमले?

खेळाडूंइतकेच महत्त्व जागेला होते. मॉन्ट्रियलचा हिवाळा दीर्घ, सेंट लॉरेन्स नदी गोठणारी आणि शहरात तयार रिंक. सरावाची जागा हाताशी असल्याने एक तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली तरी दुसरी तयार होत राहिली. कॉलेजचा क्लब टिकतो तो असा.

भारतात चित्र काय आहे?

शिमल्यातील नैसर्गिक बर्फाचा रिंक १९२० पासूनचा. भारत १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाचा सदस्य झाला. मात्र खेळ खऱ्या अर्थाने रुजला लडाखमध्ये, लष्कराचे जवान आणि स्थानिक तरुणांमुळे. तेथे ‘सेकमोल’ या १९८८ साली सुरू झालेल्या विद्यार्थी चळवळीच्या फे गावातील संकुलात हिवाळ्यात पाणी गोठवून मैदान केले जाते. त्यावर खेळलेल्या मुली पुढे राष्ट्रीय संघात पोहोचल्या. महिला संघ २०१६ मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. २०१७ मध्ये फिलिपिन्सला ४-३ असे हरवून त्याने पहिला विजय नोंदवला.

बर्फ कृत्रिमरीत्या तयार करता येत नाही का?

येतो, आणि त्याचे तंत्र खेड तालुक्याला अनोळखी नाही. चाकण-मंचर पट्ट्यातील बटाट्याची शीतगृहे ज्या तत्त्वावर चालतात, त्याच तत्त्वावर रिंक चालतो. फरशीखालील नळ्यांतून अतिथंड द्राव फिरवून वरचे पाणी गोठवले जाते. अडचण आहे ती आकाराची आणि वीजबिलाची. पूर्ण आकाराचा रिंक सुमारे ६० मीटर लांब असतो आणि यंत्रणा रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. डेहराडूनचा हिमाद्री रिंक २०११ मध्ये उभारला गेला; पण दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धेनंतर तो वर्षानुवर्षे बंद राहिला आणि २०२५ मध्येच पुन्हा सुरू झाला. इमारत बांधण्यापेक्षा ती चालवणे कठीण, हाच त्याचा धडा.

मग राजगुरुनगरच्या विद्यार्थ्यांसाठी वाट कोणती?

चाकांवरून बर्फाकडे जाणारी. एका रांगेत चाके असलेल्या इनलाइन स्केट्सवर तोल, वळण आणि काठीवरचा ताबा शिकता येतो. त्यासाठी सिमेंटचे गुळगुळीत मैदान पुरते. मैदानी हॉकीचे डावपेच शिकायला पिंपरीतील नेहरूनगरचे मेजर ध्यानचंद हॉकी मैदान याच औद्योगिक पट्ट्यात आहे. मात्र बर्फावर थांबणे आणि कडेच्या फळीवरून पक परतवणे बर्फावरच शिकावे लागते. त्यासाठी दर हिवाळ्यात लेह किंवा डेहराडूनचा प्रवास आला, संरक्षक साहित्याचा खर्च आला. हा भार एकेका पालकावर पडला, तर ऐपत असलेलीच मुले खेळतील. कॉलेजने साहित्य क्लबच्या मालकीचे ठेवले आणि दरवर्षी नव्या तुकडीकडे सोपवले, तर साध्या घरातील मुलीलाही संधी मिळेल.