‘दोहद’ आणि जन्मनोंदवही : म्हैसूरच्या एका आरोग्यसंशोधनाचे तौलनिक वाचन

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना म्हैसूर हे नगर प्रामुख्याने दोन कारणांनी परिचित असते. १९६९ साली स्थापन झालेली भारतीय भाषा संस्थान ही मध्यवर्ती संस्था येथे आहे, हे एक. आणि आर. शामशास्त्री यांना १९०५ साली कौटिलीय ‘अर्थशास्त्रा’ची हस्तलिखित पोथी येथील प्राच्य ग्रंथालयात आढळली व १९०९ मध्ये त्यांनी ती संपादून प्रसिद्ध केली, हे दुसरे. पोथी ग्रंथालयात पडून होती. तिला संहितेचे स्थान वाचकामुळे लाभले. प्रस्तुत लेखात याच नगरातील अशाच दुसऱ्या एका दप्तराचा विचार करावयाचा आहे. ते दप्तर वाङ्मयीन नाही. तो एका प्रसूतिगृहाचा कारकुनी दस्तऐवज आहे. तथापि त्याच्या वाचनाचा इतिहास साहित्याभ्यासकाला परका वाटू नये असा आहे, आणि त्यातून निघालेल्या ज्ञानशाखेचे नाव तर थेट आपल्या भाषेच्या दारात येऊन उभे राहिले आहे.

वेस्लियन मेथडिस्ट मिशनने १९०६ साली म्हैसुरात स्त्रिया व बालके यांच्यासाठी होल्ड्सवर्थ मेमोरियल रुग्णालय सुरू केले. या रुग्णालयात १९३४ पासून जन्मलेल्या बालकांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर पद्धतशीर नोंदवला जात असे. मातेचे गरोदरपणातील वजन आणि तिच्या कटीरभागाची बाह्य मापेही लिहिली जात. ही मापे त्या काळी प्रसूती अडेल किंवा कसे याचा अंदाज बांधण्यासाठी घेतली जात. लिहिणाऱ्या परिचारिकेच्या दृष्टीने त्या नोंदीचे आयुष्य बाळंतीण घरी जाईपर्यंतचेच होते. पन्नास-साठ वर्षांनी तीच ओळ निराळ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वाचली जाईल, अशी कल्पना तिला असण्याचे कारण नव्हते.

हा प्रश्न आला इंग्लंडातून. हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली आरोग्यसेविकांनी नवजात बालकांची जन्माची व वर्षाअखेरीची वजने वह्यांमध्ये टिपून ठेवली होती. डेव्हिड बार्कर आणि साउदॅम्प्टन येथील त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या वह्या वाचून १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा मागोवा घेतला. वर्षाच्या वयाला वजन कमी असलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू येण्याचे प्रमाण अधिक होते, असे त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडले. पुढे सी. एन. हेल्स यांच्यासमवेत १९९२ मध्ये बार्कर यांनी एक उपपत्ती दिली. गर्भाला पोषण अपुरे मिळाले म्हणजे तो काटकसरीने वाढतो. मेंदू सांभाळतो, इतर इंद्रियांच्या वाढीत कपात करतो. या काटकसरीची किंमत प्रौढपणी, अन्न मुबलक झाल्यावर, मधुमेहाच्या रूपाने चुकवावी लागते.

उपपत्ती एका भूमीत सिद्ध झाली म्हणजे दुसऱ्या भूमीत ती जशीच्या तशी लागू पडते काय? तौलनिक अभ्यासाचा हा मूळ प्रश्न आहे आणि १९९०च्या दशकात तो म्हैसुरात अक्षरशः दारोदार विचारला गेला. रुग्णालयाच्या परिसरातील वस्तीत घरोघर फिरून तेथे जन्मलेल्या व अद्याप तेथेच राहत असलेल्या व्यक्ती शोधल्या गेल्या आणि त्यांची जुन्या नोंदींशी सांगड घालण्यात आली. १९३४ ते १९५४ दरम्यान जन्मलेले ५१७ स्त्री-पुरुष अशा रीतीने हाती आले. क्लॉडिया स्टाइन, कॅरोलाइन फॉल, कल्याणरामन कुमारन, बार्कर प्रभृतींचा निबंध १९९६ साली प्रसिद्ध झाला. जन्माच्या वेळी अडीच किलो, म्हणजे साडेपाच पौंड, किंवा त्याहून कमी वजन असलेल्यांत हृदयरोगाचे प्रमाण ११ टक्के, तर ३.२ किलो वा अधिक वजन असलेल्यांत ३ टक्के आढळले. बालक लहान आणि मातेचे वजनही ४५ किलोंपेक्षा कमी, अशा गटात ते २० टक्क्यांपर्यंत गेले. येथवर म्हैसूरचे वाचन हर्टफर्डशरच्या वाचनाला दुजोरा देत होते.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र भाषांतर अडले. १९९८ मध्ये फॉल व सहकाऱ्यांनी त्याच गटाविषयी लिहिले तेव्हा निष्कर्ष अपेक्षेच्या उलट्या अंगाने आला. मधुमेह अधिक दिसला तो लांबीने आखूड परंतु त्या मानाने जाड असलेल्या बालकांत, आणि त्यांच्या माता सरासरीहून वजनदार व रुंद कटीच्या होत्या. हडकुळे बालक हा इंग्रजी कथेचा नायक होता. म्हैसूरच्या कथेत ती भूमिका दुसऱ्याकडे गेली. संशोधकांनी याचा अन्वय असा लावला की या मातांना गरोदरपणी रक्तशर्करेचा विकार झाला असावा आणि ती वाढीव शर्करा गर्भापर्यंत पोहोचली असावी. हा अन्वय त्या जुन्या नोंदवहीतून सिद्ध होणारा नव्हता, कारण मातांची रक्तशर्करा त्या वहीत नोंदलेली नव्हती. प्रस्तुत लेखकाच्या मते या संशोधनाचा सर्वांत शिकण्यासारखा क्षण हाच आहे. संहितेला जे विचारता येत नाही ते ओळखून संशोधकांनी नवी संहिता लिहावयास घेतली.

जुन्या वहीची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावयास हवी. १९३४ साली बहुसंख्य बाळंतपणे घरीच होत. रुग्णालयात येणाऱ्या स्त्रिया, त्यांतून जगलेली अपत्ये, त्यांतून गाव न सोडलेली, त्यांतून नोंदीशी जुळलेली, अशा चार चाळण्यांतून गळून ५१७ उरतात. ज्यांना हस्तलिखितांच्या शाखा-उपशाखांचा व गहाळ पानांचा अनुभव आहे त्यांना या आकड्याचे स्वरूप सांगावयास नको.

नव्या संहितेचे नाव ‘म्हैसूर पार्थेनॉन अभ्यास’. १९९७-९८ मध्ये याच रुग्णालयात तपासणीला येणाऱ्या गरोदर स्त्रियांची रक्तशर्करा मोजण्यात आली. सुमारे ६ टक्के स्त्रियांत गर्भारपणातील मधुमेह आढळला. त्यांची अपत्ये पुढे वर्षानुवर्षे तपासली गेली. हे काम जी. व्ही. कृष्णवेणी यांच्या नेतृत्वाखाली चालले. पाचव्या वर्षीच मधुमेही मातांच्या मुलींच्या त्वचेखाली चरबीचे थर अधिक जाड होते आणि रक्तातील इन्सुलिनही अधिक होते. १९९८चे अनुमान अशा रीतीने निदान अंशतः बळकट झाले.

मराठी वाचकाला या कथेचा दुसरा अर्धा भाग पुण्यात सापडतो. के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या सहा गावांत माता-पोषणाचा अभ्यास हाती घेतला. त्यातून २००३ मध्ये पुढे आलेली ‘कृश-मेदुर भारतीय बालक’ ही संकल्पना आता सर्वतोमुखी आहे. पुणे परिसरातील नवजात बालकाचे सरासरी वजन २.७ किलो, साउदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो. परंतु वजनातली ही तूट सर्व अवयवांत सारखी वाटलेली नाही. स्नायू आणि पोट यांत ती ठळक आहे, पाठीवरच्या त्वचेखालील चरबीत सर्वांत कमी. दिसायला किडकिडीत, तरीही चरबी राखून असलेले हे बालक. म्हैसूरच्या नवजातांतही असेच चित्र २००५ मध्ये नोंदले गेले. याज्ञिक यांनी जॉन युडकिन यांच्यासमवेत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छायाचित्रासह केलेली तुलना विनोदी असूनही बोलकी आहे : दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. चिन्ह एक, अर्थ दोन. याहून नेमके उदाहरण चिन्हमीमांसेच्या वर्गातही क्वचितच मिळेल.

पुणे व म्हैसूर यांचीही सर्वत्र एकवाक्यता नाही. पुण्यात २००८ मध्ये असे दिसले की ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक, त्यांच्या सहा वर्षांच्या अपत्यांत इन्सुलिन-रोध सर्वाधिक. म्हैसुरात ४३ टक्के मातांत ब-१२ कमी असूनही, २०१४च्या निबंधात अपत्यांच्या इन्सुलिन-रोधाचा संबंध आढळला तो फोलेटशी. ब-१२शी आढळला नाही. दोन शेजारी प्रदेशांत एकाच आख्यानाची दोन पाठांतरे असावीत तसा हा प्रकार आहे, आणि त्यांतले एक ‘शुद्ध’ ठरवून दुसरे टाकून देण्याची घाई संशोधकांनी केलेली नाही.

आता नावाविषयी. या ज्ञानशाखेची पहिली जागतिक परिषद २००१ साली मुंबईत भरली, तेव्हा तिच्या नावात ‘प्रौढवयातील रोगांचे गर्भकालीन मूळ’ असे शब्द होते. २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली तेव्हा ‘आरोग्य व रोग यांची विकासकालीन मुळे’ या अर्थाचे नाव घेण्यात आले आणि त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा उच्चार झाला ‘डोहॅड’. संस्कृत ‘दोहद’, पाली ‘दोहळ’, प्राकृत ‘डोहल’, मराठी ‘डोहाळा’ ही मालिका ज्याच्या कानात आहे तो हे नाव ऐकून थबकल्याशिवाय राहणार नाही. हा केवळ योगायोग आहे, हे आधीच सांगितलेले बरे. ‘आमच्या पूर्वजांना हे सारे ठाऊक होते’ या वळणावर जाण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु योगायोगानेही दोन संकल्पना शेजारी आल्या असतील तर त्यांची तुलना करण्यास हरकत नसावी.

‘दोहद’ शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी मतभेद असले तरी आयुर्वेदाच्या संहितांनी त्याचा संबंध दोन हृदयांशी जोडला आहे. सुश्रुताच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून गर्भिणी द्विहृदया ठरते. तिची इच्छा ही गर्भाची इच्छा होय, आणि ती डावलल्यास अपत्य कुबडे, पांगळे, जड वा दृष्टिहीन निपजते, असे प्रतिपादन आहे. कथावाङ्मयाने ही कल्पना उचलून तिचा विस्तार केला. मॉरिस ब्लूमफील्ड यांनी १९२० साली अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात या कथाघटकाची चिकित्सा केली, ती आजही वाचनीय आहे. कुठे डोहाळा पतीला पराक्रमास प्रवृत्त करतो, कुठे त्याच्या जिवावर उठतो, कुठे तो साफ खोटाच असतो. जातकातल्या मगरीणीला माकडाचे काळीज हवे असते. अजातशत्रूच्या मातेला पतीचे, बिंबिसाराचे, रक्त प्यावेसे वाटते आणि त्यावरून हा पुत्र पितृघातकी होणार असे भाकीत केले जाते. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा माती खाते आणि दिलीप तिच्या सख्यांना तिच्या आवडी विचारीत राहतो, चौदाव्या सर्गात सीतेला गंगातीरीचे आश्रम पुन्हा पाहण्याचा डोहाळा लागतो आणि तो पुरवण्याच्या मिषानेच तिचा त्याग केला जातो. कन्नडात याच अर्थाने ‘बयके’ हा शब्द आहे. मराठीतील डोहाळजेवण आणि डोहाळ्यांची गाणी यांविषयी येथे वेगळे सांगावयास नको.

या परंपरेत दोन सूत्रे एकमेकांत गुंतलेली आहेत. एक भाकिताचे : गर्भात जे घडते ते पुढे अटळ. अजातशत्रूची कथा या सूत्राची. दुसरे ऋणाचे : गर्भिणीला काय हवे ते विचारणे आणि देणे हे पतीचे, कुटुंबाचे, प्रसंगी राजाचे कर्तव्य. दिलीपाची कथा या सूत्राची. आधुनिक ‘डोहॅड’च्या लोकप्रिय मांडणीत पहिले सूत्र वरचढ होते आणि तेथेच धोका आहे. ‘मातेच्या पोषणामुळे अपत्याला मधुमेह’ हे वाक्य वर्तमानपत्राच्या मथळ्यात शिरले की त्याचा कर्ता माता होते. आहार, वजन, उपवास, सारे तिचे अपराध ठरतात. मूळ संशोधनात ‘४५ किलोंपेक्षा कमी वजनाची माता’ हे तिच्या इच्छेचे वर्णन नाही. तिच्या वाट्याला बालपणापासून काय आले त्याची ती नोंद आहे. वहीत तिचे वजन आहे. तिला काय खावेसे वाटत होते, आणि ते कोणी दिले की नाही, याचा रकाना तेथे नाही.

हा रकाना भरण्याचा एक प्रयत्न मुंबईत झाला, म्हणून त्याचा उल्लेख आवश्यक आहे. रमेश पोतदार, फॉल व सहकाऱ्यांनी २००६ ते २०१२ या काळात झोपडवस्त्यांतील ६,५१३ स्त्रियांना रोजचा खाऊ देण्याचा प्रयोग केला. एका गटाच्या खाऊत हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध होते. दुसऱ्या गटाच्या खाऊत पोषणमूल्य कमी असलेल्या भाज्या. खाऊ गर्भधारणेच्या आधीपासून दिला गेला. बालकांच्या जन्मवजनात एकंदरीने लक्षणीय फरक पडला नाही, हे २०१४ मध्ये प्रामाणिकपणे नोंदवण्यात आले. गर्भधारणेपूर्वी किमान तीन महिने खाऊ घेतलेल्या स्त्रियांच्या बालकांचे वजन सरासरी ४८ ग्रॅमने अधिक भरले. २०१६च्या निबंधात गर्भारपणातील मधुमेहाचे प्रमाण पोषक खाऊच्या गटात ७.३ टक्के आणि दुसऱ्या गटात १२.४ टक्के असल्याचे दिसून आले.

डोहाळजेवण सातव्या महिन्यात होते. सुश्रुताचे दुसरे हृदय चौथ्या महिन्यात. मुंबईच्या प्रयोगात खाऊ सुरू झाला तेव्हा त्या स्त्रियांना अद्याप दिवसही गेले नव्हते.