कोलंबोहून परत आलेली गाणी

नवरात्र-दसऱ्याच्या गडबडीत ३ ऑक्टोबर ही तारीख येते आणि जाते. कॅलेंडरावर तिच्या चौकोनात विशेष काही छापलेले नसते. दुधाचा हिशेब लिहायला तो मोकळा असतो. पण वाचकहो, १९५७ साली याच तारखेला, एका गुरुवारी, आकाशवाणीने ‘विविध भारती’ सुरू केली आणि सरकारी रेडिओने पाच वर्षांपूर्वी ज्या गाण्यांना जवळजवळ उंबऱ्याबाहेर काढले होते, ती गाणी उजळ माथ्याने घरात शिरली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या कुणालाही याबद्दल विचारून पाहा. गृहस्थ अबोल असला तरी चहाचा दुसरा कप होईपर्यंत बोलत राहील.

आमचे बिऱ्हाड तेव्हा घाटकोपरला होते. घाटकोपर त्या काळी मुंबईत होते आणि नव्हतेही. सकाळी डबा घेऊन बोरीबंदरची लोकल पकडणारा कारकून मुंबईकर, पण संध्याकाळी परतल्यावर टेकडीकडून येणारा वारा खात गॅलरीत बसणारा तोच माणूस अगदी गावकरी. आजचा लाल बहादूर शास्त्री मार्ग तेव्हा आग्रा रोड होता. एकाच इमारतीत आमच्यासारखी मराठी नोकरदार माणसे आणि गुजराती व्यापारी कुटुंबे शेजारी शेजारी नांदत. आमच्याकडची पुरणपोळी तिकडे जाई, तिकडची उंधियूची वाटी इकडे येई आणि या देवघेवीत रेडिओचाही समावेश होता. सोळा बिऱ्हाडांत रेडिओ तीन. त्यामुळे ऐकणारे कान शंभर असले तरी खुंटी पिरगळण्याचा अधिकार तिघांच्याच हाती!

रेडिओ म्हणजे तेव्हा खिशात मावणारी वस्तू नव्हती. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड, आणि वर विणलेला रुमाल. आत व्हॉल्व्ह असत. ते तापेपर्यंत आवाज येत नसे आणि तोवर सगळे घर हिरव्या दिव्याच्या डोळ्याकडे टक लावून बसे. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एरियलची तार. शिवाय पोस्टात जाऊन वर्षाला पंधरा रुपये भरून परवान्याच्या पुस्तकावर शिक्का मारून आणायचा. ज्यांनी पैसे भरलेले नसत, त्यांच्याकडे ‘इन्स्पेक्टर आला’ असे नुसते कुणी ओरडले तरी पेटीवर चादर पडे.

आता त्या पेटीतून काय ऐकायचे, हा खरा प्रश्न. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीमंत्री झाले. गृहस्थ आपले मराठी, पॅरिसला जाऊन डॉक्टरेट घेतलेले, आणि धृपदाची तालीम घेतलेले. सिनेमाच्या गाण्यांनी लोकांची अभिरुची बिघडते आहे, असे त्यांचे ठाम मत. त्यांच्या कारकिर्दीच्या सुरुवातीलाच चित्रपटगीतांचा वेळ कापला गेला. गाण्याबरोबर चित्रपटाचे नाव सांगणे म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून नुसते गायकाचे नाव सांगायचे असेही ठरले. यावर चित्रपट-निर्माते बिथरले. तुम्ही आमचे नाव घेणार नसाल, तर आमची गाणीही वाजवू नका, असे म्हणून त्यांनी परवानग्याच काढून घेतल्या. भांडण मंत्र्यांचे आणि निर्मात्यांचे. उपास घडला तो श्रोत्यांना.

डॉक्टरसाहेबांना नुसती नावे ठेवून मोकळे होणे मात्र मला पटत नाही. शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली त्यांच्याच काळात सुरू झाला, १९५४ पासून आकाशवाणी संगीत संमेलने भरू लागली. राजेरजवाड्यांचा आश्रय संपलेल्या किती तरी गवयांची चूल रेडिओने पेटती ठेवली. मराठी माणसाच्या पदरात तर याच वर्षांत मोठे दान पडले. ऑक्टोबर १९५३ मध्ये पुणे केंद्र सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला तिथूनच गदिमा-बाबूजींचे ‘गीतरामायण’ सुरू झाले. वर्षभरात छप्पन्न गीते! त्या वेळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकणारी घरे आमच्या इमारतीतही होती. सिनेमाची गाणी वाजत असती, तर भावगीताला एवढी ऐसपैस जागा मिळाली असती का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

पण माणसाला रोज प्रसादाचा शिरा चालत नाही. त्याला मधून भेळही लागते. ती भेळ मिळत होती समुद्रापलीकडे, कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या सैनिकांची करमणूक करण्यासाठी सिलोनात एक जबरदस्त प्रक्षेपक बसवला होता. युद्ध संपले, सैनिक घरी गेले, प्रक्षेपक राहिला. त्यावरून रेडिओ सिलोनने व्यापारी कार्यक्रम सुरू केले. आकाशवाणीवर गाणी आटली आणि इकडे हिंदी गाण्यांचा धबधबा कोसळू लागला. ३ डिसेंबर १९५२ च्या बुधवारी ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा विशीतलेही नव्हते. विसावा वाढदिवस अजून अठरा दिवसांवर होता. आठवड्याला पंचवीस रुपयांवर त्यांनी ते काम पत्करले होते. सुरुवातीला सात गाणी वाजत आणि त्यांचा क्रम श्रोत्यांनी लावून पाठवायचा असे. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रे आली, असे ते पुढे सांगत असत.

यातली खरी गंमत पुढेच आहे. हा कार्यक्रम बोलणारा मुंबईचा, ध्वनिमुद्रण मुंबईत, झेवियर कॉलेजच्या आवारातल्या स्टुडिओत. फीत विमानाने कोलंबोला जायची, आणि तिथून लघुलहरींवर स्वार होऊन परत मुंबईला यायची! धोबीतलावचा आवाज घाटकोपरला पोचायला समुद्र ओलांडून जाऊन येई. वाटेत तो कधी बुडे, कधी वर येई. लघुलहरी आकाशातल्या थरावर आपटून खाली येतात आणि तो थर रात्री जागचा हलतो, हे शास्त्र आम्हांला पुढे कळले. तेव्हा एवढेच ठाऊक होते, की पहिल्या पायदानाचे गाणे येण्याआधी बिगुल वाजला, की नेमका त्याच वेळी रेडिओ खरखरायचा. मग कुणीतरी पेटीला थोपटी, कुणी एरियलची तार हातात धरून पुतळ्यासारखा उभा राही.

त्या काळी एक विनोद फार चाले. पाहणी करणारे दहा घरी गेले. नऊ घरी सिलोन लागलेले होते आणि दहाव्या घरचा रेडिओ बिघडलेला होता. सरकारला मात्र यात हसण्यासारखे काही नव्हते. श्रोते परदेशी रेडिओकडे, आणि टूथपेस्ट-साबणवाल्यांचे जाहिरातीचे पैसेही तिकडेच. भारतात तयार झालेली गाणी, भारतातच विकायचा माल, आणि गल्ला मात्र कोलंबोचा.

घरातही काही सगळे आनंदीआनंद नव्हते. ‘सिलोन लाव रे’ हे वाक्य आमच्याकडे वडील घरात नसताना बोलायचे वाक्य होते. सिनेमाचे गाणे ही चोरून ऐकायची गोष्ट. माझी थोरली बहीण शेजारच्या गुजराती भाभींकडे ‘विणकाम शिकायला’ जाई आणि बुधवारी रात्री आठलाच तिला टाका अडे. भाभी आईला सांगत, ‘‘ताई, तुमची बेबी लई हुशार हो!’’ ती कशात हुशार होती, हे आई जाणून होती. मुलगी सिनेमातले गुणगुणते, हे पाहायला येणाऱ्या मंडळींच्या कानी गेले तर काय, ही तिला काळजी. आज हे वाचून नाती हसतील, पण लग्नाच्या बाजारात ‘गाणे येते’ याचा अर्थ भावगीत किंवा नाट्यगीत असा होता, आणि तेही विचारल्यावर.

अशा दिवसांत विविध भारती आली. ज्या केसकरांच्या काळात गाणी गेली, त्यांच्याच काळात ती परत आली. योजनेचे सूत्रधार होते हिंदी कवी पंडित नरेंद्र शर्मा. दिलीपकुमारच्या पहिल्या ‘ज्वार भाटा’ची गीते लिहिणारे, आणि पुढे दूरदर्शनच्या ‘महाभारत’ मालिकेचे सल्लागार झालेले तेच हे शर्मा. त्यांनी ह्या नव्या सेवेला ‘पंचरंगी कार्यक्रम’ म्हटले. शुभारंभाचे ‘नाच रे मयूरा’ हे गीत त्यांनीच लिहिले. संगीत अनिल विश्वासांचे, आवाज मन्ना डेंचा. मोर नाचवून मंगलाचरण झाले. आपल्या मराठी घरांतून तर १९५३ च्या ‘देवबाप्पा’तला मोर आधीपासूनच नाचत होता, त्यामुळे या पाहुण्याचे आम्हांला नवल वाटले नाही!

मुंबई आणि मद्रास इथल्या दोन शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकांवरून ही सेवा देशभर पोचवली जाई. मध्यमलहरींचा आवाका थोडा. तेवढ्यासाठी गावोगाव केंद्रे उभारावी लागली असती. सिलोनने ज्या वाटेने देश काबीज केला, त्याच वाटेने आकाशवाणी निघाली. हे शहाणपण उशिरा आले खरे, पण आले.

सुरुवातीला तरुण मंडळींनी नाके मुरडली. सिलोनवर निवेदक तुमच्याशी गप्पा मारी. इथे सगळे कसे इस्त्रीचे. तिकडची चटकदार जाहिरात नाही, बिगुल नाही, पायदान नाही. पण आमच्या इमारतीत एक गोष्ट लगेच बदलली. गाणे आता सरकार लावत होते! ‘‘आकाशवाणी आहे, बाबा,’’ एवढे सांगितले की वडिलांचे तोंड बंद. जे गाणे काल कोलंबोहून आले म्हणून वाह्यात होते, तेच आज दिल्लीच्या शिक्क्यासह आले म्हणून सभ्य झाले. बहिणीचे विणकाम तिथेच थांबले. एकदा वडील दाढी करता करता सैगलच्या सुरात सूर मिसळत असलेले आईने पाहिले, आणि त्या दिवसापासून घरातली भीती मोडली. चित्रपटसंगीत मध्यमवर्गाच्या बैठकीच्या खोलीत बसवले ते विविध भारतीने, असे मी म्हणतो ते यासाठी.

हळूहळू दिवसाचे घड्याळच तिच्यावर लागू लागले. ‘भूले बिसरे गीत’ संपले की डबे भरायचे. ‘हवामहल’ची छोटी नाटिका ऐकत जेवणे उरकायची. ‘मन चाहे गीत’मध्ये फर्माइश करणाऱ्यांची नावे आणि गावे ऐकता ऐकता आमचा भूगोल पक्का झाला. अभ्रकाच्या खाणींचे झुमरी तिलैया हे गाव नकाशात कुठे आहे, ते शाळेत कुणी सांगितले नव्हते. पण त्याचे नाव देशातल्या पोराबाळांना पाठ झाले. ‘जयमाला’ हा फौजी भावांसाठीचा कार्यक्रम. १९६२ च्या चीन-युद्धात आणि पुन्हा १९६५ साली, ज्यांच्या घरचे कुणी सरहद्दीवर होते ती माणसे हा कार्यक्रम निराळ्याच कानांनी ऐकत. आमच्या तळमजल्यावरच्या एका आजींना हिंदी फारसे समजत नसे. गाणी कुणाची, कसली, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हते. पलटणीतल्या मुलांची नावे वाचून होईपर्यंत त्या जिन्याशी उभ्या राहत आणि मग काही न बोलता आत जात.

मग ट्रान्झिस्टर आले आणि खुंटीचा अधिकार घरोघर, पुढे तर माणशी एक असा वाटला गेला. १ नोव्हेंबर १९६७ ला, ऐन दिवाळीत, मुंबई, पुणे आणि नागपूर इथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पंधरा वर्षे कोलंबोला जाणारा गल्ला अखेर घरी वळला. शुद्धतावाद्यांनी हळहळ व्यक्त केली. आमच्या बाळगोपाळांना मात्र गाण्यांपेक्षा जाहिरातीच जास्त पाठ होत्या, आणि पाढे म्हणायला बसवले तरी ते त्याच चालीत म्हणत.

२००२ साली मुंबईत खासगी एफएम वाहिन्या एकामागून एक उघडल्या, तेव्हाही शहरात केवढा गाजावाजा झाला! रस्तोरस्ती फलक, चोवीस तास बडबड. घाटकोपरच्या पुलावरून उतरणाऱ्या तरुणांच्या कानांत वायरी दिसू लागल्या. २०१४ पासून मेट्रो आली, आता तर वायरीही गेल्या. प्रत्येकाच्या कानात आपापले गाणे. शेजाऱ्याला त्याचा पत्ता नाही. आवाज मात्र स्वच्छ, खरखर शोधून सापडायची नाही. विविध भारतीचा कारभार बोरिवलीहून चालतो, आणि ती मोबाइलवरही ऐकता येते.

या सगळ्यात एका परतफेरीची नोंद करायची राहिली. १९८९ साली अमीन सयानींची गीतमाला रेडिओ सिलोन सोडून विविध भारतीवर आली. झेवियरच्या आवारातून निघालेल्या त्या कार्यक्रमाला सरकारी रेडिओचे दार उघडायला सदतीस वर्षे लागली. तोपर्यंत घराघरांत दूरचित्रवाणी संच आले होते, आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पाडणाऱ्या ‘महाभारता’च्या श्रेयनामावलीत पंडित नरेंद्र शर्मांचे नाव झळकत होते. शर्मा त्याच वर्षी गेले. सयानी २० फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईतच वारले. त्या संध्याकाळी बहिणीचा पुण्याहून फोन आला. नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे ती. ‘‘अरे, भाभींना कळवायला हवं होतं,’’ म्हणाली. भाभी जाऊन वीस वर्षे झाली, हे तिलाही ठाऊक होते. मग थोडा वेळ आम्ही दोघे त्या हिरव्या डोळ्याच्या पेटीचे शेवटी काय झाले, यावर वाद घालीत बसलो. ती म्हणते बोहाऱ्याला दिली. मला आठवते, माळ्यावर ठेवली होती.