कोलॅजेनची पुडी आणि इंदापूरचा पेरू

कोलॅजेनच्या पुड्या सुरकुत्यांवर फोल ठरल्याची बातमी येऊन गेली, पण ‘क जीवनसत्त्वाबरोबर घेतलं तर?’ हा प्रश्न मागे उरला. ती बातमी २०२५च्या ज्या आढाव्यावरून आली, त्यात २३ चाचण्या आणि १,४७४ माणसं होती. सगळे आकडे एकत्र केले तेव्हा पुडी जिंकली. कंपन्यांच्या पैशांविना झालेल्या चाचण्या वेगळ्या काढल्या, तेव्हा फायदा दिसेना. खरी बातमी हीच, ती मथळ्यात यायला हवी होती.

कोलॅजेन आणि क यांच्या जोडीमागचं शास्त्र मात्र पक्कं आहे. कोलॅजेन हे प्रथिन म्हणजे तीन पेडांचा पीळ. १९५४ साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी त्याची रचना मांडली. हा पीळ टिकायचा तर त्यातल्या प्रोलीन या अमिनो आम्लावर एक रासायनिक संस्कार व्हावा लागतो. तो करणाऱ्या विकरातलं लोह क जीवनसत्त्व कामावर ठेवतं. ते संपलं की पीळ सैल पडतो, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. हाच स्कर्व्ही. पण गरजेपुरतं मिळाल्यावर आणखी गिळलेलं बरंचसं लघवीवाटे जातं.

जाहिरातदार २०१७च्या एका प्रयोगाचा आधार घेतात. आठ पुरुषांना क घातलेलं जिलेटिन देऊन तासाभराने दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या. १५ ग्रॅमच्या मात्रेने रक्तातली कोलॅजेन-निर्मितीची खूण दुप्पट झाली. मात्र क नसलेलं नुसतं जिलेटिन कोणालाच दिलं नव्हतं. मग श्रेय जोडीला कसं द्यायचं?

आपल्याकडे तर कोलॅजेन आणि क, दोन्ही माल दारात आहे. माशांच्या कातडीपासून जगभर कोलॅजेन काढतात, त्यात चिलापीही आली. उजनी धरणातली चिलापी भिगवणच्या बाजारात मिळते. ती कातडीसकट रश्श्यात घाला. पायाच्या रश्श्यात उतरतं तेही कोलॅजेनच, जिलेटिन होऊन. लिंबू मात्र ताटात पिळा, उकळताना नको. उष्णतेने क जातं. बाईला दिवसाला ६५ आणि पुरुषाला ८० मिलिग्रॅम क लागतं. १०० ग्रॅम पेरूत सुमारे २०० मिलिग्रॅम असतं, आणि इंदापूर तालुक्यात पेरूच्या बागा आहेत.

मुतखडा होऊन गेलेल्यांनी हजार मिलिग्रॅमच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत; जास्तीच्या क जीवनसत्त्वाचं शरीरात ऑक्झलेट होतं आणि खडे बहुधा त्याचेच बनतात.