परक्या घराच्या चाव्या

घरात एकही कुलूप नसलेल्या माणसाच्या कमरेला चाव्यांचा जुडगा दिसला, तर शेजारीपाजारी सावध होतात. लिजनेला न्युमोफिला या जिवाणूला पाहून संशोधक असेच सावध झाले. या जिवाणूकडे स्वतःचे युबिक्विटिन नाही. तरीही युबिक्विटिनला पकडणारी, दुसऱ्या प्रथिनाला जोडणारी, तोडणारी आणि कायमची निकामी करणारी अनेक विकरे, म्हणजे एन्झाइम, तो तयार करतो. ही विकरे तो दुसऱ्याच्या पेशीत सोडतो.

युबिक्विटिन म्हणजे अवघ्या ७६ अमिनो आम्लांची माळ. यीस्टमधली माळ आणि माणसातली माळ शेजारी ठेवली, तर फरक फक्त तीन मण्यांचा. पेशी ही माळ इतर प्रथिनांना चिकटवते आणि त्या खुणेवरून प्रथिनाचे पुढे काय करायचे ते ठरते: मोडीत काढायचे, दुसरीकडे न्यायचे की कामाला लावायचे. या खुणेने प्रथिने मोडीत कशी निघतात, हे उलगडल्याबद्दल आरोन सिचॅनोव्हर, अव्राम हर्श्को आणि अर्विन रोझ यांना २००४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. खूण चिकटवायला तीन विकरे लागतात. ई-वन एटीपीतली ऊर्जा खर्चून माळेचे शेवटचे टोक तयार करते, ई-टू ते वाहून नेते आणि ई-थ्री योग्य प्रथिन शोधून द्यायला मदत करते. पाठ्यपुस्तकांत हाच एक रस्ता होता.

लिजनेलाची ओळख जगाला झाली ती मृत्यूंमुळे. जुलै १९७६ मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेचे अधिवेशन फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात भरले. परतलेले लोक न्यूमोनियाने आजारी पडू लागले. या साथीत ३४ जण दगावले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड यांना त्यामागचा जिवाणू सापडला आणि जानेवारी १९७७ मध्ये तो जाहीर झाला. हा मूळचा गोड्या पाण्यातला रहिवासी. तिथे तो अमिबाच्या पोटात वाढतो. वातानुकूलन यंत्रणेच्या शीतक मनोऱ्यातून उडालेल्या तुषारांबरोबर तो फुप्फुसात शिरतो, तेव्हा तिथल्या भक्षक पेशी त्याला अमिबासारख्याच गिळतात. युबिक्विटिन दोन्हीकडे जवळजवळ सारखेच असल्याने अमिबात घडलेल्या चाव्या माणसातही लागतात.

गिळला गेल्यावर जिवाणू एका सूक्ष्म यंत्रणेतून ३०० हून अधिक प्रथिने यजमान पेशीत टोचतो. त्यातले एक एसडीई-ए. त्याच्या एका टोकाला युबिक्विटिनची साखळी तोडणारा भाग आहे. त्याची स्फटिकरचना २०१५ मध्येच प्रसिद्ध झाली होती. खरा धक्का २०१६ मध्ये बसला. पर्ड्यू विद्यापीठातील झाओ-किंग लुओ आणि चित्तरंजन दास यांच्या गटांनी दाखवले, की एसडीई-ए ई-वन, ई-टू आणि एटीपी यांच्याशिवाय एकटेच युबिक्विटिन दुसऱ्या प्रथिनाला जोडते. त्याच वर्षी फ्रँकफर्टच्या इव्हान डिकिच यांच्या गटाने या रसायनाचे टप्पे स्पष्ट केले.

इथे माळेचे शेवटचे टोक वापरलेच जात नाही. एसडीई-एचा एक भाग एनएडी हा रेणू घेऊन त्यातला एडीपी-रायबोज तुकडा ४२ व्या मण्यावर, आर्जिनिनवर, बसवतो. दुसरा भाग त्यातले एएमपी कापून टाकतो आणि उरलेल्या फॉस्फोरायबोजच्या दुव्याने युबिक्विटिन यजमान प्रथिनातल्या सेरिनला बांधतो. सेरिन न मिळाल्यास पाण्याचा रेणू मध्ये येतो. मग फॉस्फोरायबोज चिकटलेले युबिक्विटिन तसेच सुटते, आणि पेशीची नेहमीची यंत्रणा ते वापरू शकत नाही.

एकाच प्रथिनात ही दोन कामे चालतात कशी? ते पाहायला स्फटिक हवेत. शुद्ध प्रथिनाचे अब्जावधी रेणू एका शिस्तीत रचले गेले, तर क्ष-किरणांचा झोत त्यातून विखुरतो. विखुरलेल्या ठिपक्यांच्या गणितातून इलेक्ट्रॉनांचा नकाशा काढता येतो, आणि त्या नकाशात अणूंच्या जागा बसवता येतात. मे २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये वेगवेगळ्या गटांनी एसडीई-एच्या रचना मांडल्या; त्यांत डिकिच यांचा आणि कॉर्नेल विद्यापीठातील युक्सिन माओ यांचा गट होता.

दोन्ही भागांची तोंडे समोरासमोर असतील आणि अर्धवट माल एका खाचेतून शेजारच्या खाचेत सरकत असेल, असे वाटणे स्वाभाविक होते. नकाशात मात्र दोन्ही खाचा दूर आणि भलत्याच दिशांना तोंड करून होत्या. म्हणजे पहिला टप्पा संपला, की बदललेले युबिक्विटिन सुटून बाहेर पडते आणि दुसऱ्या खाचेत नव्याने येऊन बसते. प्रयोगानेही हेच दाखवले: एका एसडीई-एचा पहिला भाग बिघडवला, दुसऱ्याचा दुसरा, आणि दोन्ही एकत्र ठेवले, तर काम पूर्ण होते. दुसऱ्या खाचेत २७७ व्या जागेवरचे हिस्टिडिन फॉस्फोरायबोजला क्षणभर स्वतःशी बांधून घेते आणि मग सेरिनच्या स्वाधीन करते.

असे हत्यार मोकाट सोडले तर यजमान पेशी लवकर मरेल आणि जिवाणूचे घर जाईल. म्हणून एसडीई-एने बांधलेली गाठ सोडणारी विकरेही जिवाणूने बाळगली आहेत: डूप-ए आणि डूप-बी. गंमत म्हणजे यांची घडण एसडीई-एच्या दुसऱ्या भागासारखीच आहे, पण काम उलटे. फरक पकडीत आहे. डूप-ए युबिक्विटिनला कितीतरी घट्ट धरते, त्यामुळे ते गाठ बांधण्याऐवजी सोडते. डिकिच यांच्या गटाने याच पकडीचा उपयोग करून घेतला. कापण्याची शक्ती काढून घेतलेले डूप-ए गळासारखे वापरून, २०२० मध्ये त्यांनी या गाठीने बांधली गेलेली १८० हून अधिक यजमान प्रथिने ओळखली.

दुसरा लगाम आहे एसआयडी-जे. ते एसडीई-एच्या पहिल्या खाचेतल्या कळीच्या ग्लुटामेटवर आणखी ग्लुटामेट चढवून ती खाच बंद पाडते. २०१९ मध्ये त्याची रचना उलगडली, तेव्हा त्याला बिलगून बसलेले कॅल्मोड्युलिन दिसले. हे प्रथिन अमिबात असते, माणसात असते, जिवाणूत नसते. आणि त्याच्याशिवाय एसआयडी-जे सुरूच होत नाही. म्हणून जिवाणूच्या आत दोन्ही प्रथिने तयार होत असताना एसडीई-ए शाबूत राहते. त्याला बंद पाडणारे एसआयडी-जे जागे होते ते परक्या पेशीत पोचल्यावर, तिथल्याच कॅल्मोड्युलिनचा हात धरून.