असं का होतं? : वेगवान युद्धनौका लांबलचक का?

मिरकरवाडा बंदरातून निघालेला ट्रॉलर पाहा. नाळेपाशी पाण्याचा उंचवटा उठतो. वेग वाढतो तशी ही लाट लांबत जाते. ती नौकेच्या लांबीएवढी झाली, की नौका जणू स्वतःच उभारलेला चढ चढू लागते. मग इंजिन कितीही रेटा, जादा ताकद लाटा उठवण्यातच खर्ची पडते. 15 मीटरच्या ट्रॉलरची ही मर्यादा साधारण 9 नॉट. लांबी चौपट केली, तर मर्यादा दुप्पट होते.

लाटांचा विरोध मर्यादेच्या बऱ्याच आधीपासून जाणवतो. म्हणून युद्धनौकाही लांबत गेल्या. 1906 ची ब्रिटिश 'ड्रेडनॉट' सुमारे 160 मीटरची, वेग 21 नॉट. 1920 ची 'हूड' 262 मीटरची, वेग 31 नॉट; पण टर्बाइनची ताकद सहापटीहून अधिक!

अ‍ॅडमिरल फिशर यांना तर 35 नॉटची, सुमारे 300 मीटरची 'इन्कम्पॅरेबल' हवी होती, तीही 20 इंची तोफांसह. तोफा, चिलखत आणि इंजिनं यांना वजन एकाच नौकेत वाटून घ्यावं लागतं. त्यामुळे वेगाची किंमत चिलखताने मोजली असती. ही नौका कागदावरच राहिली.