आज्ञा कोणती, आकडा कोणता?

गोरेगावहून आरे कॉलनीत शिरले की गोठ्यांच्या पाट्या दिसू लागतात : युनिट क्रमांक अमुक, युनिट क्रमांक तमुक. एका रविवारी काही विद्यार्थ्यांबरोबर तिथून चालत असताना एकाने विचारले, “सर, मेमरीत प्रोग्रॅम कुठला आणि माहिती कुठली, हे संगणकाला कळतं कसं?” मी समोरच्या पाटीकडे बोट दाखवले. क्रमांकावरून गोठा सापडतो. पण आत म्हशी आहेत की पेंढा, हे पाटी सांगत नाही. संगणकाच्या स्मृतीतही प्रत्येक बाइटला क्रमांक असतो. त्याला पत्ता म्हणतात. आत काय आहे हे पत्त्यावरून समजत नाही.

आत डोकावूनही समजत नाही, ही खरी गंमत. ०१०००००१, म्हणजे ६५, हा बाइट घ्या. ते कुणाचे गणिताचे गुण असतील. आस्की संकेतात तेच इंग्रजीतले मोठे ‘ए’ हे अक्षर. आणि आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे शिकवला गेलेला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर त्याच बाइटचा अर्थ लावतो : ‘सी रजिस्टरमधला अंक बी रजिस्टरमध्ये उतरवून घे.’ मग आज्ञा कोणती? प्रोसेसरमध्ये पुढच्या आज्ञेचा पत्ता बाळगणारे एक रजिस्टर असते. ते ज्या जागेकडे बोट दाखवील, तिथे जे असेल ती आज्ञा!

मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये ‘टिफ्रॅक’ संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापाने हे अवघे १० किलोबाइट झाले. आज्ञा आणि आकडे दोन्ही त्यातच. आजही दोन्ही एकाच स्मृतीत राहतात, फक्त शेजार ठरवून दिलेला असतो.

समजा, आपण ‘सी’ भाषेत निकालपत्रकाचा प्रोग्रॅम लिहिला. कम्पायलर आणि लिंकर त्याचे विभाग पाडतात. यंत्राच्या आज्ञा एका विभागात, ‘टेक्स्ट’मध्ये. उत्तीर्णतेसाठी ३५ गुण, असे आधीच मूल्य दिलेले सार्वत्रिक चल ‘डेटा’त. मूल्य न दिलेले ‘बीएसएस’मध्ये. हा तिसरा विभाग मोठा मजेदार आहे. लिनक्सवर १०,००० पूर्णांकांची सार्वत्रिक यादी नुसती जाहीर करून प्रोग्रॅम कम्पाइल करा. फाइल जवळजवळ वाढत नाही. कारण तिच्यात फक्त ‘एवढी जागा लागेल’ अशी नोंद असते, आणि प्रोग्रॅम सुरू होताना तिथे शून्ये मिळतात. आता यादीतल्या पहिल्याच घरात १ लिहा. फाइल एकदम सुमारे ४०,००० बाइटांनी फुगते! ‘साइझ’ ही आज्ञा दिली की तिन्ही विभागांचे आकडे दिसतात. वर्गात जरूर करून पाहा.

चालू असताना लागणारी जागा ‘हीप’मधून मिळते, ती सहसा वरच्या पत्त्यांकडे वाढते. फंक्शनचे स्थानिक चल आणि काम संपल्यावर कुठे परतायचे तो पत्ता, हे ‘स्टॅक’वर. नेहमीच्या प्रोसेसरांत स्टॅक खाली वाढतो, पण त्यातली यादी भरताना पत्ते वर चढत जातात. म्हणून यादीत मावेल त्याहून जास्त मजकूर ओतला, तर तो परतीच्या पत्त्यावर पडतो.

नोव्हेंबर १९८८ मध्ये ‘मॉरिस वर्म’ने नेमके हेच केले. ‘फिंगर’ सेवेच्या ५१२ बाइटांच्या जागेत त्याने ५३६ बाइट पाठवले. त्यांत आज्ञा होत्या, आणि परतीचा पत्ता त्या आज्ञांकडे वळवलेला. प्रोसेसरने आलेला मजकूर मुकाट्याने आज्ञा म्हणून राबवला. त्याचे काही चुकले नव्हते.

म्हणून आता पानापानाला परवाना असतो. टेक्स्टची पाने वाचता आणि राबवता येतात, पण बदलता येत नाहीत. स्टॅकची पाने लिहिता येतात, राबवता येत नाहीत. शिवाय विभागांच्या जागाही दर वेळी थोड्या बदलतात. अडचण होते ती ब्राउझरची. जावास्क्रिप्ट वेगाने चालवायची तर त्याला चालता चालता नव्या आज्ञा लिहून लगेच राबवाव्या लागतात, आणि त्या पानांचा परवाना ऑपरेटिंग सिस्टिमकडून मुद्दाम मागून घ्यावा लागतो.