घटसर्पाचा बंदोबस्त
जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखात, जेथे आर्द्रा नक्षत्राच्या पावसात गोठ्याची जमीन आठवडाभर वाळत नाही, तेथे पाश्चुरेला मल्टोसिडा या जिवाणूमुळे होणारा घटसर्प बैल-म्हशींप्रमाणे डुकरांनाही ग्रासतो. गळा सुजतो, श्वासाला घरघर लागते आणि पुष्कळदा औषध पोचण्यापूर्वीच जनावर दगावते. लशीने प्रतिकारशक्ती येण्यास दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून ती मृगापूर्वीच टोचून घ्यावी. पाऊस लागल्यावरची धावपळ बहुतांशी व्यर्थच. आजारी जनावर वेगळे बांधावे, मेलेले ओढ्यात न टाकता चुन्यासह खोल पुरावे. असे रोग टाळण्यासाठी खाद्यातून प्रतिजैविके चारण्याची व्यापारी वराहपालनातील जुनी खोड मात्र अधिक घातक, कारण तिने जिवाणूच औषधाला निर्ढावतात. अन्नोत्पादक पशूंसाठी कोलिस्टिन हे प्रतिजैविक वापरण्यास केंद्र सरकारने २०१९ साली मनाई केली, ती याच भयास्तव.